भूपाच्या शेजारी माइल्स डेव्हिस: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की माझ्या कपाटात किशोरीताईंच्या भूपाला खेटून जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस उभा असतो आणि त्याच्या पलीकडे मेटालिका हा मेटल बँड. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकते. लांब पत्रं थोडी कापलीत, नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: ताई, तुम्ही नेहमी आम्हाला काय ऐका ते सांगता, या वेळी तुमचे स्वतःचे अगदी जवळचे अल्बम सांगा ना. पण एकाच प्रकारातले नकोत, एकमेकांशी अजिबात न जुळणारे हवेत, आणि ते सगळे एकाच माणसाला कसे काय आवडू शकतात तेही सांगा. (नाशिक)

उत्तर: यादी बरीच मोठी होईल, पण मी तुम्हाला दोन-तीन रेकॉर्ड्सपाशीच जरा जास्त वेळ बसवणार आहे, कारण बाकीच्या सगळ्यांकडे मी तिथूनच गेले.

माझं बालपण मिरजेचं. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली पाच मिनिटांवर, तिथे दुकानांच्या दारात भोपळे टांगलेले असायचे आणि आतून कुणीतरी तार लावतंय, परत उतरवतंय, परत लावतंय असा आवाज दिवसभर यायचा. घरात वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही असा नियम होता. किशोरी आमोणकरांची ती एलपी, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री, वडील वेळेचे इतके पक्के की दिवेलागण झाल्याशिवाय भूप लागायचाच नाही. सुई टेकली की आधी ती बारीक खरखर, मग तानपुरा, आणि मग विलंबित सुरू. मला तेव्हा फक्त पुढच्या द्रुत बंदिशीची, ‘सहेला रे’ची घाई असायची, आणि वडील सुई पुढे सरकवू द्यायचे नाहीत. म्हणायचे, आधी हे ऐक, मग ते तुला जास्त गोड लागेल. आणि तसंच व्हायचं, बरं का. पाचच सूर आहेत भूपात, सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही, आणि ताई गांधारावर येऊन अशा थांबतात की आपण श्वास धरून बसतो, तो थांबण्याचा वेळ ज्याने सोसला त्यालाच ‘सहेला रे’ खरं भेटतं. थांबायचं कसं हे मला त्या एका बाजूने शिकवलं.

पुढे कॉलेजला पुण्यात आले, हॉस्टेलवर एका मैत्रिणीकडे ‘काइंड ऑफ ब्लू’ची कॅसेट होती. माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम. जॅझ म्हणजे मला तोवर पिक्चरमधल्या क्लबात वाजतं ते एवढंच माहीत. पहिलंच गाणं ‘सो व्हॉट’, त्यात बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, एक लहानसा प्रश्न विचारल्यासारखं वाजवतो आणि बाकीचे दोनच सुरांत त्याला उत्तर देतात, परत प्रश्न, परत उत्तर. दुसऱ्यांदा ऐकताना मी सहज पेटी काढून सूर शोधले आणि अंगावर काटा आला, अहो हा तर काफी थाट! गांधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. ते लोक त्याला डोरियन म्हणतात. आपल्याकडे जशी रागाची चौकट घेऊन त्यात फिरायचं, तसंच त्यांनी इथे केलंय. जॅझमध्ये त्या काळी कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, भराभर बदलायच्या आणि वाजवणाऱ्याने त्यांच्या मागे धावायचं असा प्रकार होता, माइल्सने ते धावणं काढून टाकलं आणि एकाच सप्तकात मोकळं सोडलं. फक्त एक गोष्ट आपल्याकडे होत नाही ती तिथे होते. सोळा बारनंतर, बार म्हणजे इथे चार मात्रांचं एक माप, सगळं गाणं अर्ध्या सुराने वर सरकतं, म्हणजे षड्जच हलतो, आठ बार तिथे राहतो आणि परत खाली येतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ते पहिल्यांदा पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं. आता मी त्या क्षणाची वाट बघते.

आणि हे सगळं दोन बैठकीत झालंय, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959. वादकांना आधी फारसं काही दिलेलं नव्हतं, थोडे आराखडे, आणि बसा वाजवायला. पियानोवाला बिल इव्हान्स, त्याने कव्हरवर जे लिहिलंय त्यात एका जपानी चित्रकलेची उपमा दिलीये, ताणलेल्या पातळ कागदावर चित्र काढायचं, रेघ खोडता येत नाही, हात थबकला तर कागद फाटतो. आपल्या मैफलीचं याहून चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही आणि ते केलंय न्यूयॉर्कच्या पियानोवाल्याने.

आता तिसरी, कारण ती या दुसरीच्या घरातलीच निघाली. ‘काइंड ऑफ ब्लू’ जिथे रेकॉर्ड झाला तो न्यूयॉर्कमधला कोलंबिया कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीटचा स्टुडिओ, मुळात ते एक जुनं चर्च, उंच छताचं. त्याच जागेत 1955 च्या जूनमध्ये ग्लेन गूल्ड नावाचा 22 वर्षांचा कॅनडाचा मुलगा येऊन बसला होता, वडिलांनी बनवून दिलेल्या बुटक्या खुर्चीवर, आणि त्याने अठराव्या शतकातल्या जर्मन रचनाकाराचे, बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ पियानोवर वाजवले. एक आरिया, म्हणजे सुरुवातीची छोटी चाल, तिचे 30 विस्तार आणि शेवटी परत तीच आरिया. पहिल्यांदा सुमारे 38 मिनिटांत, पाऊस पडावा तसं. मग 1981 मध्ये तो त्याच स्टुडिओत परत आला आणि तेच परत वाजवलं, या वेळी 51 मिनिटं. नुसती सुरुवातीची आरिया घ्या, आधी दोन मिनिटांच्या आत संपली होती ती आता तीन मिनिटं घेते. ही दुसरी रेकॉर्ड बाहेर आली आणि काहीच दिवसांत, ऑक्टोबर 1982 मध्ये, पन्नाशीतच तो गेला. नीट ऐकलंत तर पियानोच्या मागे त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, इंजिनिअर लोकांना ते काढता आलं नाही. मला ते काढायला नकोच होतं. मिरजेला उरुसाच्या मैफलीत तबलजी स्वतःशी बोल म्हणत वाजवायचे ते मला त्यात ऐकू येतं. दोन्ही घ्या, एका रविवारी पहिली, पुढच्या रविवारी दुसरी, आणि मध्ये काही ऐकू नका.

एकाच माणसाला हे सगळं कसं आवडतं, तर माझं म्हणणं असं आहे की नवं संगीत नव्या कानाने ऐकावं लागत नाही, घरचाच कान घेऊन जायचं. मी जॅझकडे काफीच्या दारातून गेले, बाखकडे विलंबिताच्या.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, मेटल ऐकतो. आई शास्त्रीय शिकलेली आहे आणि तिला माझं ऐकणं म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ माझा जीव की प्राण आहे. तिला ऐकवायचं तर काय करू? का सोडून देऊ? (पिंपरी)

उत्तर: सोडून अजिबात देऊ नकोस. पण पहिल्यांदा तिला शब्दांचं आणि किंचाळण्याचं गाणं लावू नकोस रे, तिथेच ती उठून जाईल आणि तिचं चुकणारही नाही, इतकी वर्षं ज्या गळ्याची शिस्त ती शिकली ती तिथे मोडलेली दिसते.

मेटालिकाच्या तुझ्या त्याच अल्बमवर ‘ओरायन’ आहे ना, साडेआठ मिनिटांच्या आसपास, एकही शब्द नाही. ते लाव. आणि आईला आधी एवढंच सांग की मधे एक जागा येते जिथे सगळं थांबतं आणि एकटा बास उरतो, तिथून पुढे ऐक. तो बास क्लिफ बर्टनचा. त्याला बाख आवडायचा, आणि त्या मधल्या भागात एकावर एक चाली रचत जाण्याची जी पद्धत आहे ती कुठून आली हे आईला सांगावं लागणार नाही. मार्च 1986 मध्ये हा अल्बम आला आणि त्याच सप्टेंबरात स्वीडनमध्ये बँडची बस उलटून क्लिफ गेला, 24 वर्षांचा होता. हे आईला आधी सांगू नकोस, ऐकून झाल्यावर सांग. मग तिला परत ऐकावंसं वाटेल.

दुसरं म्हणजे ‘बॅटरी’ची सुरुवात, ती गिटार साधीच, तारा छेडलेल्या, जवळजवळ स्पॅनिश ढंगाची, आणि मग भिंत कोसळावी तसा बाकीचा बँड येतो. ते कोसळणं आवडायला आधीची शांतता ऐकावी लागते, हे तिला तूच समजावून सांगू शकतोस. आवाज मात्र बेताचा ठेव, शेजाऱ्यांसाठी म्हणून नाही तर मोठ्या आवाजात हे बारकावे खरंच पुसले जातात म्हणून.

आणि बदल्यात तूही एक गोष्ट करायची. तिच्याकडे भीमसेनजींची अभंगवाणी नक्की असेल. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ लाव, मोबाइल बाजूला ठेवून, आणि ते विठ्ठल शब्दावर परत परत येतात तेव्हा प्रत्येक वेळी काय वेगळं करतात ते मोज. तुला रिफ, गिटारवर परत परत येणारा तो छोटा तुकडा, म्हणजे काय ते माहितीये. हा रिफच आहे. एक छोटी गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या जोरकसपणे म्हणायची की ती अंगात उतरली पाहिजे. मला कळव काय झालं ते, मी खरंच वाट बघते.

प्रश्न: वय 71, निवृत्त शिक्षक, तरुणपणी भजनी मंडळात तबला वाजवत असे. नातू पिंक फ्लॉइड नावाचं काहीतरी रात्री ऐकत बसतो. त्याच्याशी बोलायला विषय व्हावा म्हणून मलाही ऐकायचं आहे, पण इंग्रजी गाण्यातले शब्द कानावर पडून निसटून जातात. कुठून सुरुवात करू? (सातारा)

उत्तर: काका, तुमचं पत्र मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्याकडे तबला आहे म्हणजे शब्द नाही कळले तरी चालतंय.

नातवाला सांगा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लाव. पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडचा 1973 चा अल्बम, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केलेला, सगळा मिळून 43 मिनिटांच्या आसपास. त्यात ‘मनी’ नावाचं गाणं येतं. आधी नुसते आवाज, नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा, गल्ल्याच्या मशीनचा. हे आवाज त्यांनी टेपवर घेतले, टेपचे मोजून तुकडे कापले, चिकटवून गोल केले आणि तो गोल मशीनवर फिरत ठेवला. त्या आवाजांवर बोट ठेवून मात्रा मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात आणि परत एक. सात! तुम्ही रूपकाचा ठेका हजार वेळा धरला असेल. वजन अगदी आपल्या रूपकासारखं तीन-दोन-दोन पडत नाही आणि खालीपासून सुरू होण्याची आपली गंमतही त्यात नाही, पण सात मात्रांचं आवर्तन आहे आणि पहिली मात्रा तुम्हाला दुसऱ्या आवर्तनातच सापडेल. नातवाला विचारा तो कितीत मोजतो. बहुतेक पोरं चारात मोजायला जातात आणि घसरतात.

अजून एक सांगते, हे त्याला माहीत आहे का बघा. आधी सॅक्सोफोन वाजतो तो सातातच. मग गिटार सुरू होते तेव्हा ताल बदलून चाराचा होतो, धावायला मोकळं रान मिळाल्यासारखा, आणि ते संपलं की परत सात. मांडीवर ठेका धरून बसलात तर तो बदल तुमच्या हाताला आधी कळेल आणि कानाला नंतर.

‘मनी’च्या आधी एक गाणं आहे त्याला शब्दच नाहीत. क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला एका संध्याकाळी बोलावलं, शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं गा म्हणाले, आणि ती जे गायली ते तसंच ठेवलं. आलापच म्हणा ना. तिला तेव्हा सेशनचे 30 पौंड मिळाले. पुढे किती तरी वर्षांनी तिने दावा लावला आणि 2005 मध्ये समझोता होऊन त्या रचनेवर तिचंही नाव लागलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आलाप करणारा हा रचनाकारच असतो, आपल्याकडे ते कधी कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि काका, नंतर कधीतरी तुमच्यासाठी म्हणून ‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’ ऐका. क्युबातल्या हवाना शहरात 1996 च्या मार्चमध्ये सहा दिवसांत केलेला. खरं तर आफ्रिकेतल्या माली देशाचे वादक यायचे होते, त्यांचा व्हिसा झाला नाही, मग तिथल्याच जुन्या कलाकारांना शोधून गोळा केलं. पियानोवर रुबेन गोन्सालेस, पंचाहत्तरी ओलांडलेले. इब्राहिम फेरेर तर गाणं सोडून बुटांना पॉलिश करत होते. कोंपाय सेगुंदो 88 वर्षांचे. ते ज्या मजेत गातात ते ऐकून तुम्ही माळ्यावरचा तबला खाली काढाल, काढाच.

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणजे मशीन वाजवतं, त्यात माणूस कुठे असतो? तुम्हाला यातलं एक तरी मनापासून आवडतं का? (औरंगाबादहून, आता वास्तव्य पुणे)

उत्तर: आवडतं, आणि ते आपल्या मुंबईतलं आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. त्यांनी 1982 मध्ये एक रेकॉर्ड केली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’, भैरवी, ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, आणि साथीला रोलंड कंपनीची तीन यंत्रं, एक ड्रमसाठी, एक बाससाठी, एक सिंथेसायझर. तेव्हा ती रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच बासच्या यंत्रावर पोरांनी जे नाचायचं संगीत वाजवलं त्याला ॲसिड हाउस नाव पडलं, जगभर गाजलं. आणि 2010 मध्ये ही रेकॉर्ड परत निघाली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले, की हे तर आमच्या आधीचं! म्हाताऱ्या वयात त्यांना परदेशात बोलावून वाजवायला लावलं. 2015 मध्ये ते गेले.

माणूस कुठे असतो विचारता, तर ललत लावा आणि तो दोन मध्यमांचा खेळ ऐका. त्या बासच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. बाकीच्यांनी तिचा उपयोग नाचायच्या झिंगेसाठी केला, पण मींड ज्याने आयुष्यभर ऐकलीये तो त्या घसरण्याकडे वेगळ्याच कानाने बघणार की नाही? ड्रमचं यंत्र मात्र दहाही रागांत जवळपास एकाच चालीने ठोकत राहतं, सलग ऐकलं तर कंटाळा येतो, म्हणून मी दिवसाला एकच राग ऐकते.

प्रश्न: मराठीत अल्बम म्हणून विचार केलेलं, म्हणजे नुसती दहा हिट गाणी एकत्र नव्हे, असं काय आहे? (डोंबिवली)

उत्तर: फार छान विचारलंत. अल्बम हा शब्द आला तोच मुळी फोटोच्या अल्बमसारखा, जुन्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड्सवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, मग मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून पुस्तकासारख्या बांधायच्या. 1948 मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली, तेव्हा कुठे एका बाजूचा म्हणून एक आकार असतो असा विचार सुरू झाला.

मराठीत या आकाराचा विचार करणारं माझ्या मते सगळ्यात भरीव काम म्हणजे ‘शिवकल्याण राजा’. 1974, शिवराज्याभिषेकाला 300 वर्षं झाली त्या निमित्ताने. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. पण त्यात निवड बघा. रामदासांचं ‘निश्चयाचा महामेरू’ आहे, भूषणाचं ब्रजातलं ‘इंद्र जिमि जंभ पर’ आहे, सावरकर आहेत, गोविंदाग्रज आहेत, कुसुमाग्रजांचे ते सात वीर आहेत. तीनशे वर्षांतले कवी एका माणसाभोवती उभे केलेत, आणि मधे निवेदन आहे म्हणून ते एकमेकांशी बोलतात. आता यातलं एकेक गाणं सुटं करून फेब्रुवारीत स्पीकरवर लावतात, त्याने फार नुकसान होतं हो. सलग ऐका एकदा.

‘गीतरामायणा’चं अनेकांनी लिहिलंय. ते माझं अतिशय लाडकं, पण ते मुळात अल्बम नाही, 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं आलेलं, 56 गाणी. त्याचा आकार आठवड्याच्या वाट बघण्याचा आहे. आजी सांगायची की त्या वेळी रेडिओला हार घालायचे. तसं ऐकायचं असेल तर खरंच आठवड्याला एकच ऐका, वर्षभर पुरेल.

आणि एक नाव असं, ज्याच्यात शब्दच नाहीत पण मराठी माणसाचा हात आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, 1967. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटे अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसादांची बासरी, दोघं तिशीच्या आतले, ब्रिजभूषण काब्रांची मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. हे करवून घेतलं एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींनी, म्हणजे तेच, ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे. भावगीताच्या माणसाला गोष्ट सांगायची सवय असते, ती इथे दिसते असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न: गोव्याचं एकही नाव तुमच्या यादीत येत नाही. (मडगाव)

उत्तर: येणारच होतं हो. रेमो फर्नांडिसचा ‘गोअन क्रेझी’, 1984. शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून केलेला. चारच ट्रॅक म्हणजे आधी ठरवावं लागतं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं, आणि ते ठरवलेलं ऐकू येतं.

दुसरं नाव शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर. त्यांचं गाणं ज्या रेकॉर्डवर आहे ती माझ्या मते जगातला सगळ्यात न जुळणाऱ्या संगीताचा अल्बम. 1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली ना, तीच. 27 रचना. बाख आहे, आणि त्यातली एक चक्क ग्लेन गूल्डने वाजवलेली. चक बेरीचं रॉक अँड रोल आहे. बीथोव्हन आहे. आणि शेवटाकडे केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटं, म्हणजे जुन्या तबकडीच्या एका बाजूचं माप. त्यांच्या लगेच मागे ब्लाइंड विली जॉन्सन येतो, अमेरिकेतला अंध काळा गायक, स्लाइड गिटार आणि नुसतं हुंकारणं. गोव्यातल्या केरी गावची ही बाई आणि टेक्सासचा तो माणूस एकमेकांना कधी भेटले नाहीत, आणि आता सूर्यमालेच्या बाहेर शेजारी शेजारी आहेत. ती दोन अंतराळयानं ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुटली आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे तीन तुकडे ओळीने ऐकून बघा, आधी केसरबाई, मग विली जॉन्सन, मग बीथोव्हनच्या चार तंतुवाद्यांच्या चौकडीतला तो संथ भाग. तबकडीवर क्रम हाच आहे. त्याच तबकडीवर 55 भाषांत नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे.

प्रश्न: आजोबांच्या पेटीत साठ-सत्तर रेकॉर्ड्स सापडल्या, जड, काळ्या, काहींवर पांढरी बुरशी. पुसू कशाने? कुणी सांगतं स्पिरिटने, कुणी सांगतं साबणाने. (रत्नागिरी)

उत्तर: स्पिरिट अजिबात लावू नका, कृपा करून. जड आहेत, काळ्या आहेत म्हणजे बहुतेक 78 च्या आहेत, आणि त्या लाखेच्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा लावलंत की खाचा गेल्या, गाणं गेलं, परत आणायला उपाय नाही. एलपी असेल तर ती हलकी आणि लवचिक असते, लाखेची पडली तर बशीसारखी फुटते, त्यावरून ओळखा.

आधी अंगणात किंवा खिडकीशी, नाकाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडा, घरात झाडू नका. मग डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालायला मिळतं ते, त्यात मऊ सुती किंवा मखमलीचं कापड भिजवून घट्ट पिळा. रेकॉर्ड स्वच्छ पंचावर सपाट ठेवायची आणि खाचा जशा गोल फिरतात तसंच गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, त्यावर गायकाचं नाव आहे आणि तेवढाच पुरावा असतो. लगेच कोरड्या कापडाने टिपायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलीत तर वाकेल. तुमच्याकडच्या हवेत कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवू नका, उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि कागदी पाकिटं जुनी असतील तर बदला, बुरशी त्यातच बसलेली असते.

लगेच वाजवायचीही घाई नको. आजच्या एलपी प्लेअरची सुई या खाचांना चालत नाही, 78 ची सुई वेगळी, जाड लागते. त्याआधी एक काम करा, प्रत्येकीच्या मधल्या कागदाचा फोटो काढून मला पाठवा, दोन्ही बाजूंचा.